एकशे चौदा अंश

आयडाबेल हार्टझेलने काउंटरवर ठेवला
वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना कॅमशाफ्ट,
बाजारातून मासा आणावा तसा.
लायमा, ओहायो. फेब्रुवारी.
बाहेर रस्त्यावर मिठाचा पांढरा थर,
आत हीटरची घरघर, आणि माझा डावा कान
तिशीतच कामातून गेलेला.

सोळा उंचवटे. त्यातला चौदावा झिजून बसलेला.
डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळतं.

"हाच परत मागव," पुतण्या रॉडी म्हणाला,
"काकाचाच नंबर. तोच आवाज हवा."
आवाज मला ठाऊक होता.
क्लोव्हिसची पॉन्टिअ‍ॅक, चारशेचं इंजिन,
सिग्नलला उभी राहिली की
समोरच्या न्हाव्याच्या काचा बोलू लागायच्या:
धडक, धडधड, धडक,
पुढचा ठोका येतोय की नाही असं वाटायला लावून
मग यायचाच.

बाईंनी पर्समधून वही काढली.
"निर्वात किती राहतो? ब्रेकला पुरेसा?"
मी रॉडीकडे पाहिलं. रॉडीने बुटांकडे.
"तेहतीस वर्षं," त्या म्हणाल्या,
"मी ते पेडल दोन्ही पायांनी दाबलंय.
तेहतीस वर्षं कॉफी मांडीवर.
तो म्हणायचा, इंजिनला जीव आहे.
असेल. माझ्या गुडघ्यालाही होता."

मग मी माहितीपत्रक उलटं करून
मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवलं:
ही आत घेणारी झडप, ही बाहेर सोडणारी.
जळालेलं अजून पुरतं गेलेलं नसतं
आणि ताजं आत यायला लागतं;
तेवढा वेळ दोन्ही दारं उघडी.
उंचवटे जवळ आणले, एकशे आठ अंशांवर,
तर ही गाठभेट लांबते. वरच्या वेगाला ताकद,
खाली ही थरथर.
लांब नेले, एकशे चौदावर,
की जाणारा जातो, येणारा येतो,
इंजिन शांत.
कॅमशाफ्ट फुकट काही देत नाही, बाई.
या खिशातलं काढून त्या खिशात घालतो.

त्या बराच वेळ चित्राकडे बघत होत्या.
"ओतशाळेत माझी पहिली पाळी," म्हणाल्या,
"त्याची दुसरी.
मी दारातून आत, तो डबा घेऊन बाहेर.
दहा मिनिटं. कधी बारा.
वीजबिल, पोराचा ताप, भांडण,
सगळं त्या दारात, कोट न काढता.
आणि तू म्हणतोस याला
ताकद म्हणतात?"

वरच्या वेगाला, मी म्हणालो.

"आता वरचा वेग कोणाला हवाय.
एकशे चौदा लिही."
रॉडी बाहेर जाऊन सिगरेट ओढत उभा राहिला.

मार्चच्या अखेरीस इंजिन सुरू केलं.
नव्या शाफ्टला पहिली वीस मिनिटं
मंद फिरू द्यायचं नसतं,
दोन हजारांवर धरून ठेवायचं, जस्ताचं तेल घालून,
नाहीतर उंचवटे जन्मतःच मरतात.
बाई घड्याळ हातात घेऊन उभ्या होत्या,
भट्टीसमोर उभं राहिलेलं माणूस उभं राहतं तशा.
विसाव्या मिनिटाला मी पाय काढला.
इंजिन खाली आलं, आणि
काहीच झालं नाही.
शिलाई मशीनसारखं चालत राहिलं.
रॉडी म्हणाला, ब्यूइक झाली हिची.

एप्रिलमध्ये त्या तेल घ्यायला आल्या.
ब्रेक छान. कॉफी कपातच.
"फक्त लाल दिव्याला वाटतं
बंद पडली.
हात आपोआप किल्लीकडे जातो.
परवा मागच्याने हॉर्न वाजवला."

बदलून देऊ का, मी विचारलं.
"छे," त्या म्हणाल्या, आणि सुटे पैसे मोजत राहिल्या,
एक नाणं दोनदा.

जुना शाफ्ट न्यायचा राहिला.
भंगारवाला गुरुवारी येतो.
दोन गुरुवार गेले.
दुकान बंद करताना तो खिडकीपाशी उचलतो मी,
चौदाव्यावर अंगठा ठेवतो,
आणि उजवा कान जवळ नेतो.